पोटातलं पाणी ‘आटलं’ म्हणतात तेव्हा

आठवा महिना. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ए.एफ.आय. ६.५’ असा बाळाभोवतीच्या पाण्याचा आकडा येतो आणि बाई गावात पोचेपर्यंत त्याची बातमी होते: पाणी आटलं. सासू म्हणते, पाणी पीत नाही म्हणून. शेजारीण नारळ आणायला सांगते. मेडिकलवाला पावडरच्या पुड्या काढून ठेवतो, आणि कोणीतरी मोटरसायकलवर बसवून दोन बाटल्या सलाईन लावायला नेतं. पाणी कमी का झालं, हे मात्र कोणीच विचारलेलं नसतं. सगळा उपाय त्या ‘का’वर ठरतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हे पाणी येतं कुठून

पहिल्या काही महिन्यांत पिशवीतलं पाणी मुख्यतः आईच्या शरीरातून पाझरून येतं. पाचव्या महिन्यापासून पुढे ते बहुतांशी बाळाची लघवी असते, थोडा भाग बाळाच्या फुप्फुसांतून येणाऱ्या पाझराचा. ऐकून तोंड वाकडं करू नका, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. पूर्ण दिवसांचं बाळ रोज अर्ध्या लिटरच्या वर लघवी करतं आणि तेच पाणी पुन्हा गिळत राहतं. टाक्यात एकीकडून नळ चालू आणि दुसरीकडून मोरी चालू, तसा हिशेब. ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त, म्हणजे ८०० मिली ते १ लिटर असतं. त्यानंतर ते हळूहळू उतरतं आणि ४० आठवड्यांनंतर झपाट्याने.

म्हणजे माठातलं पाणी सरळ पिशवीत जात नाही. आई पाणी पिते, तिच्या रक्तातलं पाणी टिकतं, ते रक्त गर्भाशयाला पोचतं, वारेतून बाळाला मिळतं, बाळाची किडनी ते गाळते, तेव्हा कुठे पिशवी भरते. यातली एक कडी तुटली तरी पाणी कमी दिसतं. आईचं शरीर कोरडं पडलं असेल. वार नीट काम करत नसेल, म्हणजे बीपी, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), बाळाची वाढ खुंटणं, दिवस उलटून जाणं. बाळाच्या किडनीत किंवा लघवीच्या वाटेत दोष असेल. किंवा पिशवीला छिद्र पडून पाणी गळत असेल. पाणी पिऊन यातली पहिलीच गोष्ट सुधारते. बाकी तिन्हींत बाईला नारळपाणी पाजत घरी बसवणं म्हणजे वेळ घालवणं.

कागदावरचा आकडा कसा वाचायचा

सोनोग्राफीवाले पाण्याला ‘लिकर’ लिहितात. ते दोन तऱ्हांनी मोजतात. ए.एफ.आय.मध्ये पोटाचे चार भाग करून प्रत्येक भागातल्या सगळ्यात खोल पाण्याच्या खिशाची उभी खोली मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. ८ ते २४ सेंटिमीटर म्हणजे ठीक, ५ किंवा त्याहून खाली म्हणजे कमी, ५ ते ८ म्हणजे काठावर. दुसरी पद्धत एस.डी.पी. किंवा डी.व्ही.पी. या नावाने लिहिलेली असते, त्यात फक्त एकच सगळ्यात खोल खिसा धरतात: २ ते ८ सेंटिमीटर ठीक, २ च्या खाली कमी, ८ च्या वर जास्त. कमी पाण्याला ‘ऑलिगो’, जास्तीला ‘पॉली’.

हा आकडा हिमोग्लोबिनसारखा नेमका नसतो. बाळाने कूस बदलली, मोजणाऱ्याने मशीन जरा जास्त दाबलं, खिशात नाळेचं वेटोळं आलं, की एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. सकाळी एका सेंटरला ७ आणि दुपारी दुसऱ्याला ९ आलं तर कोणी फसवलं असं समजू नका. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने पुन्हा मोजून घ्या. ए.एफ.आय. थोडा कमी, पण एस.डी.पी. २ च्या वर, बाळाची वाढ बरोबर आणि हालचाल चांगली असेल, तर बहुतेक वेळा लक्ष ठेवून थांबता येतं. उलट ए.एफ.आय. ८ असूनही बाळ दिवसांच्या मानाने लहान भरत असेल, तर तो कागद जास्त काळजीचा. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘पाणी किती’ विचारून थांबू नका, विचारा: बाळाचं वजन दिवसांप्रमाणे आहे का? डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा ठीक आहे का? किडन्या दोन्ही दिसल्या का? शेवटचा प्रश्न खरं तर १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा. ती झाली नसेल तर आठव्या महिन्यात तो मुद्दाम विचारावा लागतो.

सोनोग्राफीला जाताना आधार कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही न्या. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म भरावा लागतो, कागद अपुरे म्हणून चाळीस किलोमीटरवरून परत यावं लागू नये. आणि जुने सगळे रिपोर्ट न्या. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस सगळ्यात बरोबर कळतात. ‘पाळी पोळ्याच्या आसपास आली होती’ एवढ्या आठवणीवर तारीख काढली तर पंधरा दिवसांची चूक होते, आणि मग ३७ आठवडे आहेत की ३९, यावरच सगळा निर्णय अडतो.

पाणी किती, कसं, कोणतं

साध्या दिवसांत २.५ ते ३ लिटर, मार्च ते जून ३ ते ३.५ लिटर. नवतपात पारा ४५ च्या वर गेला आणि घरात पत्र्याचं छत असेल तर ४ लिटरपर्यंत. याहून जास्त ढोसू नका. सहा-सात लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं जड होतं, उलट्या होतात, प्रसंगी झटके येतात.

मोजायचं कसं? एक लिटरची बाटली घेऊन घरातला गडवा एकदा भरून बघा, त्यात किती मावतं ते कळलं की झालं. २०० मिलीच्या ग्लासाने १३ ते १५ ग्लास म्हणजे साधारण २.६ ते ३ लिटर. उठल्यावर दोन ग्लास, मग जागं असेपर्यंत दर तासाला एक, जेवणाबरोबर अर्धा-अर्धा. झोपायच्या दोन तास आधी हात आखडता घ्या, नाहीतर रात्रभर उठबस होते. एकदम गडवा तोंडाला लावू नका. शेवटच्या महिन्यांत पोट वर दाबलेलं असतं, एकदम प्यायलं की आंबट पाणी घशाशी येतं आणि बाई पाणीच टाळायला लागते.

पुरतंय की नाही हे लघवी सांगते. फिकट पिवळी, दर तीन-चार तासांनी भरपूर झाली तर पुरतंय. गडद पिवळी, थोडी आणि जळजळ असेल तर एक तर पाणी कमी आहे किंवा लघवीत जंतू झालेत. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, ती वेगळी गोष्ट. लघवीला जळजळ असेल तर तपासणी लगेच करून घ्या, कारण जंतुसंसर्ग चढला की पिशवी वेळेआधी फुटण्याचा धोका वाढतो.

आपल्याकडे बायका पाणी कमी पितात त्याचं खरं कारण बहुतेकदा तहान नसून आडोसा असतो. कापूस वेचायला किंवा निंदायला सकाळी आठला वावरात गेलेली बाई दुपारपर्यंत लघवीला जाऊ शकत नाही, म्हणून घोटभरही पीत नाही. रोवणीत धानाच्या बांधीत चिखलात उभी असते तिचंही तेच. ‘भरपूर पाणी पी’ असं तिला सांगणं सोपं आहे. काम करायचं ते घरच्यांनी: सातव्या महिन्यानंतर वावरातलं काम बंद करा. अगदीच सुटत नसेल तर सकाळी दहाच्या आत घरी आणा, बांधावर साडीचा आडोसा करा आणि दर तासाला सावलीत बसवा. घरात संडास असून तो कडबा-कुटार ठेवायला वापरत असाल तर आधी तो मोकळा करा.

कोणतं पाणी, हाही विदर्भात साधा प्रश्न नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट असतं. त्याने तहान भागत नाही, आणि पिशवीतलं पाणी वाढायला मदत होते ती कमी क्षाराच्या, साध्या पाण्याची. तिथे गरोदर बाईसाठी नळयोजनेचं किंवा फिल्टरच्या कॅनचं पाणी वेगळं ठेवा, घरभराला पुरत नसलं तरी तिला पुरलं पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पंपावर लाल खूण असेल तर ते पिण्यासाठी वापरू नका. उकळून क्षार किंवा फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. उकळणं जंतूंसाठी, म्हणजे पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की.

पाण्याखेरीज पातळ ताक, पन्हं, लिंबूपाणी, वरणाचं पाणी, टरबूज, काकडी, संत्री हे सगळं हिशेबात धरा. ज्वारीचं आंबील उन्हाळ्यात उत्तम: दोन मोठे चमचे पीठ रात्री अर्धा वाटी ताकात भिजवा, सकाळी तीन ग्लास पाण्यात ढवळत शिजवा, गार झाल्यावर आणखी ताक आणि चिमूटभर मीठ घाला. नारळपाणी चांगलं आहे, पण ते औषध नाही. रोज नारळ आणायला जे पैसे जातात त्यात अंडी, दूध आणि डाळ येते, आणि बाळाच्या वाढीला त्याचीच जास्त गरज असते. साखर वाढलेली असेल तर पन्हं, उसाचा रस आणि बाटलीतली थंड पेयं बंद. चहा दोन कपांवर नको, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर तर नकोच.

जुलाब-उलट्या लागल्या तर साधं पाणी पुरत नाही. ओ.आर.एस.ची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण एकदम कालवून, २४ तासांत संपवायची. ग्लासात थोडी थोडी पुडी टाकून प्यायची पद्धत चुकीची, त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. आणि रोज सरबत म्हणून ओ.आर.एस. पिऊ नका.

पायाला सूज आली म्हणून पाणी तोडायचं नाही. शेवटच्या महिन्यात घोट्याला सूज बहुतेकींना येते. तोंडावर, हातावर सूज असेल, अंगठी निघेनाशी झाली असेल, डोकं दुखत असेल तर त्याच दिवशी बीपी बघा. १४०/९० किंवा वर असेल तर तो विषय पाण्याचा नाहीच, दवाखान्याचा आहे. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल किंवा बीपी फार वाढलेलं असेल, तर रोज किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. त्या बाईला वरचे आकडे लागू नाहीत.

सिकलसेलचं (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आणि मेळघाटात बरंच आहे. सिकलसेलच्या बाईला पाणी कमी पडलं तर दुहेरी मार बसतो: तिला दुखण्याचा झटका येतो आणि वारेतला रक्तपुरवठा मंदावून बाळाची वाढ आणि पाणी दोन्ही उतरतात. तिच्यासाठी ३ लिटर ही खालची हद्द समजा.

पाणी उतरवणाऱ्या गोष्टी, ज्या घरातच असतात

पहिली, दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली. पाचव्या महिन्यानंतर यांनी बाळाच्या किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, लघवी कमी होते आणि पाणी उतरतं. शिवाय सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आक्रसण्याचा धोका असतो. कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातून घेतलेली दोन रंगांची गोळी यातलीच असते. बोगस डॉक्टरची ‘कंबरेची सुई’ बहुधा डायक्लोफिनॅकच. सिकलसेलच्या दुखण्यातही तीच सुई देतात, तेव्हा गरोदर असल्याचं आधी सांगा. नुसतं पॅरासिटामॉल चालतं, पण पाकिटामागे दुसरं नाव जोडलेलं नाही ना ते बघा. चांगली गोष्ट ही की त्या गोळ्या थांबवल्या की बहुतेकदा काही दिवसांत पाणी परत भरतं. डॉक्टरांनी बीपी वाढू नये म्हणून दिलेली ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन मात्र या यादीत नाही, ती आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरी, बीपीच्या काही गोळ्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं, जसं एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, त्या गरोदरपणात चालत नाहीत. बाळाच्या किडन्या बंद पडू शकतात. आधीपासून बीपी असलेल्या बाईची जुनी गोळी तशीच चालू राहिलेली सापडते, किंवा सासऱ्याच्या पाकिटातली तिला दिलेली. त्या बदलून लॅबेटालॉल, मिथाइलडोपा किंवा निफेडिपिन देतात. पण गोळी नुसती बंद करून घरी राहू नका, त्याच दिवशी बदलून घ्या.

तिसरी, खर्रा. यावर घरात कोणी बोलत नाही, कारण पुडी सगळ्यांच्याच खिशात असते. तंबाखू तोंडात असो, दाताला लावलेली नस असो की गुडाखू, निकोटिन रक्तात जातंच आणि वारेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. वार दुबळी, बाळ लहान, पाणी कमी, हा क्रम ठरलेला. आठव्या महिन्यात सोडला तरी फायदा होतो. तल्लफ आली की भाजलेली बडीशेप, ओवा, लवंग तोंडात ठेवा. सुपारीने भागवू नका.

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल’ म्हणून बाईचं ताट कमी करण्याची रीत अजून आहे. बाळ त्याने सुटसुटीत होत नाही, वाळतं.

सलाईन, पुड्या आणि उताणं झोपणं

सलाईनने पाणी वाढतं हा समज खोल रुजलाय. बाई उलट्या-जुलाबाने कोरडी पडली असेल, तोंडाने काही राहत नसेल तर सलाईन हवंच. पण जी नीट पिऊ शकते तिला तोंडाने प्यायलेलं साधं पाणी पिशवीसाठी खारट सलाईनपेक्षा जास्त कामाचं ठरतं, कारण साध्या पाण्याने रक्तातली क्षाराची घनता उतरते आणि पाणी बाळाकडे सरकतं. ज्यांचं पाणी कमी आहे अशा बायकांना दोन तासांत २ लिटर पाणी पाजून पुन्हा मोजलं तर आकडा वाढलेला दिसतो, हे तपासलेलं आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा दवाखान्यात बसून हे जरूर करा. मात्र ती वाढ थोड्या वेळाची असते, दुसऱ्या दिवशीपासून रोजचं पिणं चालू राहिलं तरच टिकते. आणि वाढलेला आकडा घेऊन ‘आता झालं’ म्हणून पुढची तपासणी चुकवू नका, वार दुबळी असेल तर ती तशीच राहते.

आर्जिनिनच्या पुड्या सर्रास लिहून देतात. त्यांचा भक्कम फायदा सिद्ध झालेला नाही. डॉक्टरांनी दिल्या तर घ्या, पण त्या पुड्यांपायी अंडी-दूध बंद होणार असेल तर तसं स्पष्ट सांगा.

कुशीवर झोपण्याला पैसे लागत नाहीत. उताणं झोपलं की भरलेलं गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर दाबतं आणि परत जाणारं रक्त अडतं. डाव्या कुशीवर झोपा, पाठीमागे गोधडीची वळकटी ठेवा म्हणजे झोपेत उताणं होणार नाही. कंटाळा आला तर उजवी कूसही चालते. दुपारी दोन तास आणि रात्री आठ तास, एवढी विश्रांती घरच्यांनी मिळवून द्यायची.

घरातलं खरं मोजमाप: बाळाची हालचाल

पिशवीतलं पाणी घरी मोजता येत नाही. बाळाची हालचाल मोजता येते, आणि ती जास्त सांगते. २८ आठवड्यांपासून रोज एकाच वेळी मोजा. संध्याकाळी जेवण झाल्यावर बरं पडतं, तेव्हा बाळं जागी असतात. डाव्या कुशीवर पडा, वाटीत तुरीचे दहा दाणे घ्या, बाळ हललं, ढुशी दिली, वळलं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाका. उचकी मोजायची नाही. बहुतेकदा अर्ध्या तासात दहा दाणे संपतात. दोन तासांत दहा झाले नाहीत, किंवा रोज अर्धा तास लागायचा तिथे आज दीड तास लागला, तर त्याच वेळी दवाखान्यात जा. रात्र असली तरी. गूळपाणी पिऊन बघू, सकाळी बघू, असं करण्यात बाळं गेली आहेत.

‘शेवटच्या दिवसांत बाळ हलायचं कमी होतं’ हे खोटं आहे. जागा कमी पडल्यामुळे लाथेऐवजी वळवळ होते, पण संख्या घटत नाही.

याच्या जोडीला आशाताई किंवा सिस्टर टेपने पोटाची उंची मोजतात. २४ ते ३६ आठवड्यांत ओटीच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे सेंटिमीटर साधारण तेवढ्याच आठवड्यांइतके भरतात. ३२ आठवड्यांना २९ किंवा कमी भरलं तर सोनोग्राफी हवी: बाळ लहान, पाणी कमी किंवा तारीख चुकलेली. प्रत्येक भेटीचा आकडा कार्डावर लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी होते, तो दिवस लग्न-तेरवीसाठी सोडू नका.

लघवी की पाणी?

धो-धो पाणी गेलं तर कोणालाही कळतं. घोटाळा होतो तो थेंब-थेंब गळतीचा. बाईला वाटतं लघवी सुटते, लाजेने सांगत नाही, आणि आठवडाभराने ताप चढलेला असतो.

लघवी पूर्ण करून या. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं पांढरं सुती कापड घडी करून ठेवा आणि अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहा. मग उभं राहून दोनदा खोका. कापड ओलं झालं तर रंग आणि वास बघा. लघवी पिवळसर, उग्र वासाची. पांढरा स्राव चिकट, घट्ट. पिशवीचं पाणी पाण्यासारखं, फिकट, जवळपास बिनवासाचं किंवा किंचित गोडसर वासाचं, आणि थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. हिरवं किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, दुर्गंधी असेल तर जंतू झालेत. दोन्हीत एक मिनिट वाया घालवू नका. कापड ओलं नाही झालं पण शंका आहे, तरी जा. खात्री दवाखान्यात उपकरण (स्पेक्युलम) घालून बघितल्यावरच होते.

पाणी सुटल्याची वेळ लिहून ठेवा, ते कापड पिशवीत घालून सोबत न्या. बोट घालून कोणालाही तपासू देऊ नका, दाईलासुद्धा. संबंध नको, नदी-तलावात अंघोळ नको. कळा नाहीत म्हणून थांबायचं नाही. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनच्या ६ मिलिग्रॅमच्या चार सुया बारा-बारा तासांनी देतात, त्यातली पहिली पुढे पाठवण्याआधी आरोग्य केंद्रातच देता येते. ती दिली का, हे विचारा आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या.

पाणी कमी असताना घरी कळा आणायचा प्रयत्न जीवघेणा ठरतो. एरंडेल पाजणं, बाहेरून ‘कळांची सुई’ मारून घेणं, पोट चोळणं, यातलं काही नको. पाण्याची गादी पातळ असली की प्रत्येक कळेला नाळ दाबली जाते, आणि सुईच्या कळा जोरात आणि लागोपाठ येतात. अशा बाळंतपणात बाळाचे ठोके सतत ऐकावे लागतात, ते घरी होत नाही. पण ऑलिगो म्हणजे सिझरच, असंही नाही. ठोके चांगले राहिले तर साधं बाळंतपण होतं.

दवाखान्यात काय होतं

३७ आठवडे झालेले आणि पाणी खरोखर कमी असेल तर बहुधा बाळंतपण करून घेतात, आणखी थांबण्यात फायदा नसतो. त्याआधी असेल तर आठवड्यातून एक-दोनदा ठोक्यांची पट्टी आणि पाणी, दर दोन आठवड्यांनी बाळाची वाढ. डॉप्लर बिघडला किंवा ठोके उतरले तर आधीच. ४० आठवडे उलटले की पाणी दर दोन-तीन दिवसांनी बघावं लागतं, ४१ च्या पुढे घरी थांबू नका. ‘पहिलटकरणीला दहा-पंधरा दिवस वर जातातच’ हे तेवढ्यापुरतं विसरा.

बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवा. पाणी कमी आणि बाळ लहान असेल तर रक्तपेढी, सिझर आणि लहान बाळांचा कक्ष असलेलं ठिकाण हवं: जिल्हा स्त्री रुग्णालय, नाहीतर नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाचं वैद्यकीय महाविद्यालय. धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. दिवस जुलै-ऑगस्टात भरत असतील तर शेवटचे पंधरा दिवस आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (दिवस भरत आलेल्या बायकांच्या राहण्याची सोय) किंवा तालुक्याच्या नातेवाइकांकडे काढा.

पाणी जास्त असेल तर

ए.एफ.आय. २४ च्या वर किंवा खिसा ८ च्या वर. पोट ताणलेलं चकचकीत, दम लागतो, पडून राहवत नाही. इथे पाणी पिणं कमी करून काही होत नाही. आधी साखर बघा: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा वर आली तर मधुमेह. आईची साखर वाढली की बाळाची लघवी वाढते. जुळं आहे का, बाळाला गिळता येतं का, तेही सोनोग्राफीत बघतात. बऱ्याच वेळा कारण सापडत नाही.

यातला धोका पिशवी फुटताना असतो. पाण्याच्या लोंढ्यासोबत नाळ बाहेर येऊ शकते. मायांगात दोरीसारखं काही लागलं किंवा दिसलं तर हात लावू नका, आत ढकलू नका. बाईला गुडघे आणि कोपरांवर ओणवं करा, छाती खाली, कंबर वर. गाडीत डाव्या कुशीवर, कंबरेखाली दोन उशा. १०८ ला फोन करून गाव, जवळची ठळक खूण, किती आठवडे, ‘पाणी फुटलं, नाळ बाहेर आहे’ एवढंच सांगा आणि फोन चालू ठेवा. घाई नसलेल्या वेळी १०२ ची गाडी नेते आणि परत आणते, तिचे पैसे लागत नाहीत. दोन्ही नंबर, आशाताईचा नंबर आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर दाराच्या मागे खडूने लिहा. मोबाइलची बॅटरी नेमकी त्या रात्री उतरलेली असते.